व्यायामानंतर गार पाणी: शॉवर, बर्फाचा टब की कोमट अंघोळ?

धावून आलात, टी-शर्ट अंगाला चिकटलाय, श्वास अजून पूर्ण जागेवर आलेला नाही आणि हात नळावर आहे. "घाम जिरल्याशिवाय अंगावर पाणी घेऊ नकोस" हे लहानपणापासून ऐकलेलं. मोबाईल उघडला तर कुणीतरी बर्फाच्या टबात मानेपर्यंत बसून हसतोय. या दोघांपैकी कुणीही सांगत नाही की पाणी किती गार आणि ते अंगावर कसं घ्यायचं. सगळी गोम तिथेच आहे.

शॉवरचं गार पाणी एका वेळी अंगाच्या थोड्याच भागावर पडतं. नको झालं तर एक पाऊल मागे सरकलं की सुटका. टबात 10 ते 15 अंशांचं पाणी चारही बाजूंनी वेढतं आणि हवेच्या सुमारे 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. त्यामुळे 'गार पाण्याची अंघोळ' या एका नावाखाली दोघांना बसवणं मला पटत नाही.

धोक्याचं आधी बोलू. छातीवर आणि पाठीवर एकदम थंडगार पाणी आलं की श्वास आपोआप आत ओढला जातो, मग भराभर धाप लागते, ठोके आणि रक्तदाब चढतात. हा झटका पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत जोरात असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. शॉवरखाली त्याची परिणती एका किंकाळीत होते. टबात मात्र त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर तो श्वास हवेऐवजी पाण्याचा असतो. टबात बसताना लोक अंग गारठण्याला घाबरतात, पण खरं सांभाळायचं ते हे पहिलं मिनिट.

त्यात आणखी एक गुंता. चेहरा थंड पाण्यात बुडवून श्वास रोखला की शरीर उलट हुकूम देतं: ठोके हळू कर. एकीकडून 'पळ', दुसरीकडून 'थांब', आणि हृदय मधल्यामध्ये. माईक टिप्टन आणि मायकेल शॅटॉक या संशोधकांनी 2012 साली या ओढाताणीवर लिहिलं. अशा वेळी ठोक्यांची लय बिघडू शकते. धडधाकट माणसाला ते बहुतेक वेळा जाणवतही नाही. हृदयात आधीपासून दोष असेल तर जिवावर बेतू शकतं. व्यायाम नुकताच संपलेला असताना ठोके तसेही चढलेले असतात. म्हणून टबात उडी नको, डोकं बुडवणं नको. आधी पाय, मग कंबर, श्वास सावरला की छाती.

आता फायद्याचं. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात 17 छोट्या चाचण्या आणि 366 माणसं होती. नुसतं बसून राहण्यापेक्षा थंड पाण्यात बसल्याने पुढच्या काही दिवसांतली अंगदुखी कमी झाल्याचं दिसलं. पण अपाय किती झाले याची धड नोंद फारशी ठेवलेलीच नव्हती. टबाला 'सुरक्षित' असा शिक्का मारणाऱ्यांनी ही बाब लक्षात ठेवावी.

वजनं उचलणाऱ्यांसाठी तर हिशेब चक्क उलटा होतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 12 आठवडे ताकदीचा व्यायाम करणाऱ्या पुरुषांपैकी काही जण प्रत्येक वेळी नंतर 10 अंशांच्या पाण्यात 10 मिनिटं बसले, बाकीच्यांनी हलकी सायकल चालवली. टबवाल्यांचे स्नायू आणि ताकद दोन्ही कमी वाढले. घाम गाळून स्नायूंना वाढीचा निरोप धाडायचा आणि लगेच थंड पाण्याने त्याचा आवाज दाबायचा, असा हा प्रकार. मांड्या भरायच्या असतील तर त्या दिवशी टब टाळाच. उद्या पुन्हा सामना असेल आणि पाय हलके हवे असतील, तर टबाला अर्थ आहे.

शॉवर यात कुठे बसतो? कातडी गार होते, आतला स्नायू फारसा होत नाही. फायदा मुख्यतः तरतरीचा, आणि बहुतेकांना धोकाही बेताचा. सर्दीचं म्हणाल तर ती विषाणूंनी होते, ओल्या अंगाने नव्हे.

गंमत म्हणजे मला आजवर एकदाच भोवळ आली, ती गरम पाण्याखाली. ट्रेडमिलवरून उतरलो तो थेट शॉवरखाली. दोन मिनिटांत कानात गूं आवाज, नजरेसमोर करडे ठिपके, आणि मी फरशीवर फतकल मारून बसलेला. कारण साधं आहे. व्यायामाने पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. चालणं थांबलं की रक्त वर ढकलणाऱ्या पिंढऱ्याही थांबतात. वरून गरम पाणी त्या वाहिन्या आणखी सैल करतं. डोक्याकडे रक्त कमी पडतं. तेव्हापासून आधी 10 मिनिटं सावकाश चालतो, पाणी पितो, मग कोमट पाण्याने सुरुवात करून शेवटी गार. 'घाम जिरू दे' या सल्ल्यामागचं कारण पटलं नाही तरी ती 10 मिनिटं मात्र सोन्याची.

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, अनियमित ठोके, थंडीने बोटं पांढरी पडणं किंवा अंगावर गांधी उठणं, यांतलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टबाच्या वाटेला जाऊ नका. गरोदरपणातही तेच. दारू पिऊन किंवा घरात एकटं असताना तर कुणीच नको.

एका प्रसंगी मात्र हे सगळे विधिनिषेध बाजूला ठेवायचे. कडक उन्हात धावणारा माणूस बरळायला लागला, तोल जाऊ लागला आणि अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत त्याला बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवा. डोकं वर धरायला एक जण हवाच. टब नसेल तर मिळेल तितकं गार पाणी ओतत राहा. अमेरिकेतल्या फाल्मथच्या शर्यतीत 18 वर्षांच्या नोंदींत उष्माघाताचे 274 रुग्ण आहेत. त्यांना तिथल्या तिथे थंड पाण्यात बसवलं गेलं, आणि त्यांतला एकही दगावला नाही.