पन्नास हजार स्ट्रीम्सची हमी आणि गड्ड्याचं गाणं

घरच्या खोलीत बीट बनवून, मिक्सिंग करून स्वतःच्या नावाने गाणी काढणारे सोलापूर, बार्शी, पंढरपूर भागात आता बरेच आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितोय. ‘गाणं पसरवून देतो’ म्हणणाऱ्या एकाने माझे १८,००० रुपये घेतले. पैसे ही त्यातली लहान गोष्ट.

माझं पोट चालतं ते मंडळांच्या गाण्यांवर, लेझीमच्या ट्रॅकवर आणि नवी पेठेतल्या दुकानांच्या जाहिरातींवर. स्वतःचं म्हणून अधूनमधून एखादं गाणं काढतो. यावेळी काढलं ते सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेवर, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेवर, मिरवणुकीत निघणाऱ्या सिद्धेश्वरांच्या सात नंदीध्वजांवर. हलगी सॅम्पलमधली नाही, वाजवणाऱ्याला घरी बोलावून रेकॉर्ड केलेली. गायले आमच्या भजनी मंडळातले एक अण्णा. असलं गाणं जानेवारीत चाललं तर चाललं. संक्रांत उलटली की वर्षभर त्याला कोण विचारतंय?

पैसे घेणाऱ्या त्या माणसाची ओळख इन्स्टाग्रामवर झाली. पहिल्या मेसेजमध्ये विकायचं काहीच नव्हतं. माझ्या एका जुन्या लेझीम ट्रॅकबद्दल लिहिलं होतं: “दुसऱ्या अंतऱ्यानंतर हलगी एकटीच सोडलीस, काटा आला बे अंगावर.” आमच्या धंद्यात इतकं कान देऊन ऐकणारा माणूस दुर्मीळ. ओळखीचेसुद्धा ‘मस्त रे’ म्हणून अंगठा टाकतात आणि पुढे जातात. हा मात्र रात्री फोन करून बेसबद्दल बोलायचा, अण्णांचा आवाज थोडा पुढे घे म्हणून सुचवायचा. बरेच दिवस पैशाचं नावही काढलं नाही. आता वाटतं, त्याचा खरा माल हाच होता.

मग एकदा त्याने नियम सांगितला. मागच्या १२ महिन्यांत गाण्याला किमान १,००० स्ट्रीम्स, म्हणजे ऑनलाइन ऐकलं गेल्याची तितकी मोजणी, नसतील तर स्पॉटिफाय त्या गाण्याची रॉयल्टी देत नाही. हे खरं आहे, २०२४ पासून लागू आहे. त्याला लागूनच पुढचं वाक्य आलं: “म्हणून पहिला धक्का विकत घ्यावा लागतो भावा. प्लेलिस्टवाले आपले घरचेच आहेत.” खऱ्या नियमाच्या पाठीवर बसून खोटं आत आलं. महिन्याभरात ५०,००० स्ट्रीम्स, हमीसकट. पुरावा म्हणून लातूर-कोल्हापूरकडच्या निर्मात्यांच्या आकड्यांचे स्क्रीनशॉट. पैसे यूपीआयने, भलत्याच नावाच्या खात्यावर. ते म्हणे त्याच्या अकाउंटंटचं.

गाणं आलं आणि आकडे खरंच चढले. पण कलाकाराला स्वतःच्या गाण्याचे आकडे दाखवणारं ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ उघडून नीट बघितलं तर चित्र वेगळंच. स्ट्रीम्स हजारोंनी, ऐकणारे मूठभर, गाणं सेव्ह केलेलं जवळपास कुणीच नाही. शहरांच्या यादीत सोलापूर नाही, पुणे नाही; जिथे मराठीचा गंध नाही अशी परदेशी शहरं वर. सगळं येत होतं एकाच प्लेलिस्टमधून, आणि त्या प्लेलिस्टमध्ये आमच्या नंदीध्वजांच्या आधी परदेशी टेक्नो आणि नंतर बाळांना झोपवायचं संगीत. माणूस अशी यादी ऐकत नाही, बॉट ऐकतो, म्हणजे आपोआप गाणी वाजवत राहणारा प्रोग्राम.

त्याला विचारलं तर म्हणाला, “अल्गोरिदम गरम होतोय, थांब.” थांबायला वेळ मिळालाच नाही. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे माझी गाणी स्पॉटिफायवर चढवणाऱ्या कंपनीची मेल आली: कृत्रिम स्ट्रीमिंग आढळलं, गाणं काढलं आहे, वर दंड माझ्या खात्यातून वळता. असा प्रकार उघड दिसला की स्पॉटिफाय २०२४ पासून दर गाण्यामागे डिस्ट्रिब्युटरकडून पैसे घेतं, आणि डिस्ट्रिब्युटर ते कलाकाराच्या माथी मारू शकतो. ही मेल आली ती ऐन यात्रेत. होम मैदानावर पाळणे फिरतायत, अण्णा नातेवाइकांना मोबाइलवर गाणं दाखवायला जातात, तर गाणंच नाही. त्यांचा फोन आला, “काय रे, काढून टाकलास होय माझं गाणं?” सत्तरीच्या माणसाला बॉट म्हणजे काय हे फोनवर कसं सांगणार? त्यांना वाटलं, पैशावरून काहीतरी झालं आणि मी त्यांचा आवाज पुसला. भजनी मंडळातून मला वर्षाला दोन-तीन कामं यायची, ती थांबली.

पैसे परत मागितले तर त्याने क्यूआर कोड पाठवला: “स्कॅन कर, पिन टाक, रिफंड जमा होईल.” इथे मात्र त्याची डाळ शिजली नाही. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. त्यानंतर मी ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक जोडले. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते; माझ्या बाबतीत आठवडे उलटले होते.

स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर ते त्याच ‘फॉर आर्टिस्ट्स’मधून, फुकट, गाणं यायच्या निदान ७ दिवस आधी. मधल्या कुणाची गरज नाही. पैसे घालायचेच असतील तर स्वतःच्या खात्यावरून इन्स्टाग्रामची जाहिरात करा, ठिकाण सोलापूर निवडा. पैसे कुठे गेले ते तुम्हाला दिसतं. स्ट्रीम्सच्या आकड्याची हमी देणारा कितीही गोड बोलो, स्पॉटिफायच्या नियमांत ते बसतच नाही. आणि कुणी दुसऱ्या निर्मात्याचा स्क्रीनशॉट दाखवला तर पैसे द्यायच्या आधी त्या निर्मात्यालाच मेसेज करा. मी उशिरा का होईना लातूरच्या एकाला केला. त्याचंही गाणं उडालं होतं.

तो माणूस आता नव्या नावाने सुरू झालाय. ‘आमचं काम’ म्हणून त्याने जे आकडे लावलेत, त्यात पहिला स्क्रीनशॉट माझ्या गड्ड्याच्या गाण्याचा आहे.