सबवूफर झकास, पण आतला अॅम्प...

दहा इंची पॉवर्ड सब (अॅम्प आतच असलेला सबवूफर) आहे माझ्याकडे, सहा वर्षं झाली. आवाजाबद्दल तक्रार नाहीच, बास घट्ट, उगाच ढबढब नाही, पिक्चर बघताना सोफा हलतो. ही पोस्ट आहे मागच्या प्लेट अॅम्पबद्दल, म्हणजे ती मागची पत्र्याची प्लेट, जिच्यावर सगळं सर्किट असतं.

तर झालं काय, दोन महिन्यांपूर्वी घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. आधी थोडा वेळ गरम झाल्यावर यायचा, मग चालू केल्या केल्याच. मला वाटलं आरसीए केबल गेली, बदलली, फरक शून्य. मग सगळ्या केबल काढून टाकल्या तरी घूं चालूच, व्हॉल्यूमचं बटण शून्यावर नेलं तरी तेवढाच. इथे लक्षात आलं की ग्राउंड लूप (जोडलेल्या केबलींच्या अर्थिंगमधून येणारी घूं) वगैरे काही नाही, भानगड व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात किंवा पॉवर सप्लायमध्ये आहे. ड्रायव्हर, म्हणजे कोनवाला स्पीकर, सुटा करून मीटर लावला, 3.4 ओहम, म्हणजे 4 ओहमच्या ड्रायव्हरला बरोबर, दीड व्होल्टचा सेल टेकवला तर कोन थप करून पुढे आला. ड्रायव्हर ठणठणीत.

सर्व्हिसवाले म्हणाले रिपेअर होत नाही, आख्खी प्लेट बदला, आणि ते मॉडेल आता येत नाही. वा!

मग उघडलाच. (वायर काढून मोठ्या कॅपॅसिटरवर मीटर लावून चार्ज उतरलाय ना ते बघा, नुसता प्लग काढला म्हणजे झालं असं नसतं, चांगला झटका बसतो. आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये जुना पिवळा बल्ब लावा, आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटून राहतो आणि बाकीचं वाचतं.) मोठे फिल्टर कॅपॅसिटर चांगले निघाले. आउटपुटला डीसी फक्त 20 मिलिव्होल्ट, म्हणजे ट्रान्झिस्टरपण जिवंत. पण ऑपअॅम्पचा (सिग्नल सांभाळणाऱ्या छोट्या चिपचा) सप्लाय बघितला तर प्लस 15 च्या जागी 15, आणि मायनस 15 च्या जागी फक्त 9 व्होल्ट! त्या लाइनवर दोन वॉटचे रेझिस्टर आहेत, त्यांच्याखालचा बोर्ड भाजून काळपट झालेला आणि अगदी खेटून 85 डिग्रीवाला (तेवढ्याच उष्णतेपर्यंत चालणारा) छोटा कॅपॅसिटर, डोकं फुगलेलं. चुलीशेजारी लोणी ठेवल्यासारखं.

वरून तो गोंद. पार्ट हलू नयेत म्हणून कारखान्यात लावतात, नवा असताना पिवळट असतो, उष्णतेने चॉकलेटी होतो, मग त्यातून थोडा करंट गळायला लागतो आणि पार्टचे पाय गंजतात. माझ्यात झेनरचा (व्होल्टेज 15 वर धरून ठेवणाऱ्या डायोडचा) एक पाय एवढा खाल्लेला की चिमट्याने धरला तर तुटूनच आला.

खरी चीड याची येते की हे रेझिस्टर सब स्टँडबायला असतानाही तापत राहतात, चोवीस तास, बंद खोक्यात. तुम्ही महिनाभर गाणं लावलं नाही तरी ते आपले भाजतायत. 105 डिग्रीचा कॅपॅसिटर टाकला असता आणि चार मिलिमीटर लांब लावला असता तर काय बिघडलं असतं?

मी गोंद खरवडला, त्या भागातले सगळे छोटे कॅपॅसिटर 105 डिग्रीचे घातले, झेनर दोन्ही बदलले, रेझिस्टर बोर्डापासून उचलून लावले, सुकलेले सोल्डर परत मारले. दोन्ही लाइन 15 वर आल्या, घूं गायब. फक्त बसवताना जुनं गॅस्केट फाटलं होतं, तर खालच्या सुरांना प्लेटच्या कडेतून फुर्र फुर्र हवा यायला लागली, मला वाटलं आता ड्रायव्हर फाटला की काय! फोमची पट्टी चिकटवली, थांबलं.

आवाजाला पाचपैकी साडेचार, अॅम्पला दीड. सेकंडहँड मिळाला तर घ्या, पण घेण्याआधी केबल न लावता अर्धा तास चालू ठेवून कोनाजवळ कान लावा, आणि घरी आणल्यावर रात्री भिंतीवरचं बटण बंद करत जा.