मोफत पाणी तपासणी, आणि ग्लासात उतरलेला तपकिरी गाळ

आमच्या अमळनेर तालुक्यात दोन-दोन जणांच्या जोड्या गावोगाव फिरताहेत. पाठीवर बॅग, गळ्यात ओळखपत्र, हातात प्लास्टिकची फाइल. पाण्याची मोफत तपासणी करतो, शासनाची मोहीम आहे, असं सांगून घरात येतात आणि चहा होईपर्यंत तुमच्याच पिण्याच्या पाण्याचं असं रूप दाखवतात की घरातल्या बायांच्या पोटात गोळा येतो. आमच्या घरातून याच पद्धतीने, पाणी शुद्ध करायच्या मशीनपायी, साडेचौदा हजार रुपये गेले. ज्या युक्तीने गेले ती युक्ती ज्याला कळली, त्याच्या घरातून पुन्हा एक रुपयाही जाणार नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस होते. बहिणी माहेरी आलेल्या, घर लेकराबाळांनी भरलेलं, आणि ऊन असं की दुपारी गल्लीत चिटपाखरू नाही. मी नोकरीला धुळ्याला, नाना म्हणजे माझे थोरले भाऊ तालुक्याला गेलेले. घरात आई, वहिनी, बहिणी. ही वेळ ते निवडूनच येतात, कारण नंतर चौकशी केली तर गल्लीतल्या ज्या-ज्या घरी ते गेले तिथे दुपारीच गेले होते आणि घरात फक्त बाया होत्या.

त्यांनी माठातलं पाणी मागितलं. ओट्यावर काचेचे दोन ग्लास ठेवले. एकात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतलं ‘शुद्ध’ पाणी. आधी पेनाएवढं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, बुडवून आकडे दाखवले. आमचं ६२०, त्यांचं ३०. मग बॅगेतून एक काळी डबी काढली. तिच्या खाली धातूच्या चार कांड्या. दोन या ग्लासात बुडाल्या, दोन त्या ग्लासात, आणि वायर गेली थेट भिंतीतल्या प्लगमध्ये. बटण दाबल्यावर आमच्या ग्लासात आधी बारीक बुडबुडे आले. मग कांडीच्या कडेने पिवळसर धूर उतरावा तसा रंग उतरायला लागला. तो हिरवट झाला, मग तपकिरी, वर घाण फेस, आणि एक-दोन मिनिटांत ग्लासाच्या आरपार दिसेना. तळाशी कुजलेल्या शेवाळासारखे गठ्ठे. शेजारचा ग्लास मात्र होता तसाच, काचेसारखा स्वच्छ.

फाइलमधून रंगांचा तक्ता निघाला. हिरवट म्हणजे आर्सेनिक, पांढरट म्हणजे शिसं आणि पारा, तपकिरी म्हणजे गंज, पिवळं म्हणजे कपाशीवर मारलेलं औषध. “हे सगळं तुमची लेकरं रोज पिताहेत, ताई,” असं तो म्हणाला. गेल्या वर्षी नानांना मुतखडा झाला होता, ते बोलता बोलता कुणाच्या तरी तोंडून निघालं. मग तर काय, “बघा, हेच कारण.”

आई एकटीच अडून बसली होती. म्हणाली, “आम्ही हाईच पानी पीसन म्हतारा व्हयनूत.” त्यावर त्याने उत्तर दिलं की आजी, तुमच्या वेळी युरिया नव्हता, फवारणी नव्हती. हे उत्तर अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते लागू पडलं. खतांचा नायट्रेट जमिनीत मुरून विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतो हे खोटं नाही. पण त्या ग्लासात जे दिसलं त्याचा युरियाशी काडीचा संबंध नव्हता.

कपाशीच्या बियाण्यासाठी बाजूला ठेवलेले पाच हजार रोख गेले. उरलेले धाकट्या बहिणीच्या मोबाइलवरून कोड स्कॅन करून. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन लागलं, पावती म्हणून ‘इस्टिमेट’ छापलेला पिवळा कागद मिळाला. त्यावर ना पत्ता, ना जीएसटी क्रमांक, ना मशीनचा अनुक्रमांक.

आता त्या ग्लासाचं सांगतो. काळ्या डबीच्या प्रत्येक जोडीत एक कांडी लोखंडाची असते, दुसरी अॅल्युमिनियमची. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते. वीज वाहिली की धन टोकाला जोडलेलं लोखंड विरघळून पाण्यात उतरतं, आणि हवेतल्या, पाण्यातल्या ऑक्सिजनशी गाठ पडली की त्याचा हिरवट आणि मग तपकिरी गाळ होतो. साध्या भाषेत, गंज. पांढरट तरंगतं ते अॅल्युमिनियमचं. मायकेल फॅरेडेने १८३४ साली यामागचा हिशेब मांडला होता. एक अँपिअर प्रवाह एक मिनिट वाहिला तर सुमारे १७ मिलिग्रॅम लोखंड सुटतं, आणि एवढं लोखंड ग्लासभर पाणी गढूळ करायला भरपूर झालं. म्हणजे घाण पाण्यातून बाहेर आली नाही, ती कांडीतून पाण्यात गेली. कारखान्यांचं सांडपाणी साफ करताना हीच क्रिया मुद्दाम वापरतात, कारण या गाळाला इतर मळ चिकटून खाली बसतो. तिथे ती उपयोगाची. घरातल्या ओट्यावर ती निव्वळ धूळफेक आहे.

आणि त्यांचं पाणी स्वच्छ का राहिलं? ते चांगलं होतं म्हणून नाही. त्यात क्षार जवळजवळ नव्हते, म्हणून वीज वाहिली नाही, वीज वाहिली नाही म्हणून लोखंड सुटलं नाही. त्या पाण्यात जंतू खच्चून भरलेले असते तरी ग्लास तसाच चकचकीत दिसला असता.

हे उघडं पाडलं माझ्या पुतणीने. ती बीएस्सीला आहे, रसायनशास्त्र घेऊन. परीक्षा संपवून घरी आली, वहिनीने वर्णन केलेलं ऐकलं आणि म्हणाली, काकू-मावश्यांना सगळ्यांना बोलवा. ओसरीवर तिने चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी, दोन तुकडे वायर आणि लोखंडाचे दोन नवे खिळे घेतले. पहिल्या ग्लासात बोअरचं पाणी. थोड्या वेळाने एका खिळ्याभोवती पिवळं, मग तपकिरी. दुसऱ्या ग्लासात इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर, दुकानातून आणलेली सीलबंद बाटली सगळ्यांसमोर फोडून. खिळे बुडाले, काहीच नाही. बाया म्हणाल्या, तोच प्रकार झाला की. मग तिने वहिनीच्या हातून त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकवलं. बघता बघता तेच डिस्टिल्ड वॉटर हिरवट झालं, मग तपकिरी, तळाला तसेच गठ्ठे. तिने धन टोकाचा खिळा बाहेर काढून पुसला तर तो खडबडीत झालेला, कडा खाल्लेल्या, आणि दुसरा खिळा तसाच गुळगुळीत. वहिनी तो खिळा हातात घेऊन कितीतरी वेळ बोटाने चाचपत होती. त्या दिवसानंतर आमच्या गल्लीत कुणी मशीन घेतलेलं नाही.

हा प्रयोग कुणालाही घरी करून बघता येईल, पण बॅटरीवरच करा. भिंतीतल्या प्लगची २३० व्होल्टची वीज उघड्या कांड्यांनी पाण्यात सोडायची, तीही लहान पोरं ओट्याला लटकलेली असताना, हा प्रकार जिवावर बेतू शकतो. पैशापेक्षा मला याचाच जास्त संताप आहे.

टीडीएसच्या आकड्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण भीती तिथूनच सुरू होते. हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. क्षार कोणते ते त्याला कळत नाही. जंतू, आर्सेनिक, फवारणीचं औषध यातलं काहीच ते ओळखत नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, हे २०१२ सालचं. त्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. आमचं ६२० या दोन्हींच्या मधलं. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या की डॉक्टर ओआरएस देतात, त्याच्या लिटरभर पाण्यात साखर सोडून नुसते क्षारच सात ग्रॅम असतात, म्हणजे सात हजार मिलिग्रॅम. त्या माणसाच्या हिशेबाने तर ते विषच ठरलं असतं. मुतखड्याचं म्हणाल तर आपल्याकडच्या उन्हात घाम जातो आणि शेतात पाणी कमी प्यायलं जातं, हे त्याचं फार मोठं कारण आहे. नानांना डॉक्टरांनीही आधी हेच विचारलं होतं, दिवसाला पाणी किती पिता.

मशीनचं पुढे काय झालं ते थोडक्यात. पावसाळा लागला तोवर पाण्याची धार बारीक झाली, मग थेंबथेंब. पावतीवरच्या नंबरवर आधी “उद्या येतो”, मग फोन बंद. मोटारी दुरुस्त करणाऱ्या गावातल्या पोराने झाकण उघडलं. आतला मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, आरओचं काळीजच, आधीच वापरलेला निघाला. बाहेरून नवं स्टिकर, ते नखाने उचललं तर खाली मार्करने लिहिलेली जुनी तारीख. आणि मशीन चालू होतं तोवर एक लिटर गोड पाण्यामागे साधारण तीन लिटर मोरीत जात होतं. चैत्र-वैशाखात जिथे टँकरची वाट बघतात अशा गावात! राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलंय की पाण्याचा टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओ वापरू देऊ नये. आमचं त्याहून थोडं वर होतं. पण गल्लीत ज्यांच्याकडे नळाचं पाणी भरतात, त्यांच्याही माथी हेच मशीन मारलंय.

आरओ मुळातच खोटं आहे असं मी म्हणत नाही. खारं पाणी असेल, फ्लोराइड किंवा नायट्रेट मर्यादेबाहेर असेल तर ते कामाचं आहे. पण ते ठरवायचं प्रयोगशाळेच्या कागदावरून. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात आहेत, तिथे पाण्याचा नमुना देता येतो, खर्च अगदी किरकोळ. आम्ही बोअरचं आणि गच्चीवरच्या टाकीचं असे दोन नमुने दिले. बोअरच्या पाण्याचा कठीणपणा ३८०, म्हणजे २०० च्या वर पण ६०० च्या आत. भांड्याला पांढरा थर बसतो तो यामुळे. नायट्रेट ४५ च्या मर्यादेखाली. आणि टाकीच्या पाण्यात कोलिफॉर्म जंतू सापडले. खरा धोका हा होता, आणि तो त्या ग्लासात दिसलाही नाही, दिसणं शक्यही नव्हतं. टाकी घासून घेतली, झाकण बसवलं, ब्लीचिंग पावडरचं प्रमाण ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून समजून घेतलं, पावसाळाभर पाणी उकळून प्यायलो. यात साडेचौदा हजार कुठेच लागले नाहीत.

तुमच्या दारात अशी जोडी आली तर आधी ओळखपत्राचा फोटो काढा आणि ग्रामपंचायतीत फोन लावून विचारा की अशी काही मोहीम आहे का. सरकारी तपासणीसाठी आलेला माणूस मशीन विकत नाही. तरीही त्याने डबी काढलीच तर त्याच्या ‘शुद्ध’ पाण्याच्या ग्लासात स्वतःच्या हाताने चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता बटण दाब. आमच्या शेजारच्या गावात एका आजींनी एवढंच केलं, तर त्याने वायर गुंडाळली आणि तक्त्यासकट उठला.

ज्यांचे पैसे आधीच गेलेत त्यांनी कच्ची पावती फेकू नका. मोबाइलवरून पैसे दिले असतील तर त्या व्यवहाराचा क्रमांक आणि समोरच्याचं नाव जपून ठेवा, आमच्याकडे सगळ्यात भक्कम पुरावा तोच निघाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, मराठीत बोलता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार व्हायला हवी. शासनाची मोहीम म्हणून खोटं सांगितल्याचा अर्ज पोलिसांत वेगळा द्यायचा. वहिनीने दोन्ही ठिकाणी स्वतःच्या सहीने अर्ज दिलेत, जळगावच्या आयोगातल्या तक्रारीला जुना मेम्ब्रेन, स्टिकर आणि मशीनचे फोटो जोडलेत. गल्लीतल्या आणखी चार घरांनीही आपापले कागद तिच्याकडे आणून दिलेत, त्यांच्या तक्रारी आता पुतणी लिहून देतेय.