फॉरेन रजिस्ट्रेशन करून देणारी ऑनलाइन सर्व्हिस: एजंट म्हणून बरी, बाकी पॅकेज उगाचच

आमची एलएलसी (मालकांची जबाबदारी मर्यादित ठेवणारी अमेरिकन कंपनी) डेलावेअर राज्यात स्थापन झालेली, पण ऑफिस, माणसं, क्लायंट सगळं कॅलिफोर्नियात, म्हणजे तिथे 'फॉरेन' (म्हणजे दुसऱ्या राज्यात स्थापन झालेली) कंपनी म्हणून नोंदणी करणं भागच, नाहीतर उद्या कोणी पैसे बुडवले तर तिथल्या कोर्टात दावाही चालवता येत नाही. हाताशी वेळ नव्हता म्हणून एका फायलिंग सर्व्हिसला काम दिलं, नाव घेत नाही.

काम झालं हे खरं. डेलावेअरचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे कंपनी तिथे रीतसर चालू असल्याचा दाखला, त्यांनीच मागवलं (ते सहा महिन्यांच्या आतलंच चालतं), आणि कॅलिफोर्नियाचा नोंदणी अर्ज, एलएलसी-५ फॉर्म, एकदाही परत आला नाही. पण बिल बघा ना! कॅलिफोर्नियाची फी ७० डॉलर, सर्टिफिकेटचे डेलावेअर घेतं ५०, आणि यांची सर्व्हिस फी या दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त. फॉर्ममध्ये असतं काय, तर कंपनीचं नाव, मूळ राज्य, पत्ते, रजिस्टर्ड एजंट (कंपनीच्या वतीने सरकारी आणि कोर्टाची कागदपत्रं घेणारा) आणि सही. कॅलिफोर्नियाच्या सरकारी बिझफाइल पोर्टलवर कोणीही एका बैठकीत भरेल.

वर 'कम्प्लायन्स पॅकेज'वर आधीच टिक मारलेली, दरवर्षी आपोआप रिन्यू होणारं. त्यात मिळतं काय तर स्टेटमेंट ऑफ इन्फर्मेशनची (कंपनीची ताजी माहिती राज्याला देणारा फॉर्म) आठवण, जे पहिल्यांदा ९० दिवसांत आणि मग दोन वर्षांतून एकदा भरायचं, फी २० डॉलर. विसरलात तर २५० दंड, मान्य, पण त्यासाठी फोनमधला रिमाइंडर पुरतो की.

खरा खर्च आहे कॅलिफोर्नियाच्या फ्रँचायझी टॅक्सचा, म्हणजे राज्यात धंदा करण्याबद्दलच्या कराचा, दरवर्षी किमान ८०० डॉलर, धंदा तोट्यात असला तरी. डेलावेअरचे ३०० वेगळे, १ जूनपर्यंत. याबद्दल त्यांच्या साइटवर मला अवाक्षर दिसलं नाही, चॅटवर विचारलं तर "आम्ही टॅक्सचा सल्ला देत नाही". अहो सल्ला कोण मागतंय, आकडा तरी सांगा!

रजिस्टर्ड एजंट म्हणून मात्र चांगले आहेत. पोस्ट बॉक्स चालत नाही, राज्यातला खराखुरा पत्ता लागतो, तो यांचा आहे आणि आलेलं सरकारी पत्र त्याच दिवशी स्कॅन होऊन येतं, पाकिटावरच्या शिक्क्यासकट, म्हणजे तारखेचा वाद नको.

तेवढं ठेवलंय, पॅकेज काढून टाकलं. त्याला साइटवर बटण नाहीये, फोनच करावा लागतो, आणि फोनवरचा माणूस रद्द करायच्या आधी टेक्सासचं रजिस्ट्रेशन गळ्यात मारायला बघतो, जिथे नुसती सरकारी फीच ७५० आहे.