भूकंपाची तीव्रता: घरांवरून ठरवावी की जमिनीवरून?

भूकंपानंतर पाहणीला निघणाऱ्या गटाने कोणती श्रेणी सोबत न्यावी, हे निघण्याआधीच ठरवायला हवे. इथे तीव्रता म्हणजे त्या त्या ठिकाणी झालेल्या परिणामांचा १ ते १२ असा दर्जा. रिश्टरचा आकडा वेगळा, तो भूकंपाची एकूण ताकद सांगतो. भारतात जुनी रुळलेली एमएसके-६४ आणि युरोपातली ईएमएस-९८ या श्रेणींचा मुख्य भर माणसांना काय जाणवले आणि इमारतींचे काय झाले यावर असतो. एमएसकेमध्ये जमिनीवरचे परिणामही आहेत, पण दर्जा ठरवताना घरेच वरचढ ठरतात. २००७ साली इन्क्वा या आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्य केलेली ईएसआय-०७ मात्र फक्त निसर्ग पाहते: भूपृष्ठावर फुटलेला भ्रंश (जिथे खडक तुटून सरकतात ती रेषा), उचललेली किंवा खचलेली जमीन, दरडी, भेगा, द्रवीकरण (ओली वाळू हादऱ्याने पातळ होणे), विहिरी-झऱ्यांतले बदल.

किल्लारीचेच घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आलेला तो भूकंप ६.२ च्या आसपासच्या ताकदीचा होता. हजारो माणसे गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद असलेल्या घरांखाली. अशा घरांवरून दर्जा लावताना घराचा कमकुवतपणा वजा करावाच लागतो. ईएमएसमध्ये त्यासाठी इमारतींचे ए ते एफ (A ते F) असे वर्ग आहेत आणि म्हणूनच गावठाणात मला ती एमएसकेपेक्षा जास्त भरवशाची वाटते. जमिनीने त्या मानाने थोडेच दाखवले: किल्लारीजवळच्या शेतांत तुटक तडे आणि उंचवटे. लोकांचे काय झाले हे सांगायला घरांचीच श्रेणी हवी. ईएसआय तिची जागा घेऊ शकत नाही.

कच्छात चित्र उलटे होते. २६ जानेवारी २००१ ला भुज, भचाऊमध्ये पडझड मोजायला हजारो घरे होती, पण रणात घरेच नाहीत. तिथे पाण्यासकट वाळू वर उसळली आणि द्रवीकरणाच्या खुणा हजारो चौरस किलोमीटरवर पसरल्या. घरांची श्रेणी तिथे कोरी राहते. ईएसआयमध्ये परिणामांच्या एकूण क्षेत्राला थेट वजन आहे: आठव्या दर्जाला साधारण १०० चौरस किलोमीटर, नवव्याला १,०००, दहाव्याला ५,०००. मोठ्या भूकंपात तिचा खरा फायदा इथेच आहे. दहाव्या दर्जापुढे बहुतेक घरे पडलेलीच असतात, त्यामुळे घरांवरून फरक कळत नाही. भ्रंशाची लांबी आणि सरकलेली जमीन मात्र वाढतच जाते. १८१९ मध्ये त्याच रणात उभा राहिलेला अल्लाह बंद हा जमिनीचा लांब उंचवटा आजही मोजता येतो. त्या काळची घरे कशी होती हे माहीत नसले तरी अडत नाही.

खालच्या दर्जांना ईएसआय जवळपास आंधळी आहे. चौथ्यापर्यंत जमिनीवर विशेष काही उमटत नाही. भांडी वाजली, झोपलेले जागे झाले, भिंतीला बारीक चीर पडली, हे सांगायला एमएसके किंवा ईएमएसच हवी.

ईएसआय वापरताना मराठवाड्यात एक धोका सांभाळावा लागतो, तो काळ्या मातीचा. ती सुकली की आपोआप भेगाळते. भेग दिसली की शेतकऱ्याला विचारा, दरवर्षी इथे पडते का? दोन्ही कडा एका पातळीत आहेत की एक वर उचलली आहे? भेग बांध, रस्ता ओलांडून सरळ पुढे जाते का? उत्तरे मिळाल्याशिवाय दर्जा लावू नका.

माझा कौल असा: दाट वस्ती आणि मध्यम धक्का असेल तर ईएमएस, डोंगर, रण, खाडीकाठ किंवा शतकापूर्वीचा भूकंप असेल तर ईएसआय, मोठा भूकंप असेल तर दोन्ही, पण वेगवेगळ्या रकान्यांत. सरासरी काढू नका, दोन आकड्यांतला फरक हीच तिथल्या घरांबद्दलची माहिती असते. दोन्ही करायच्या असतील तर आधी शिवारात जा. पडलेल्या घरांचे फोटो आणि पंचनामे कुणीतरी करतेच, पण वाळूचे ढीग पहिल्या पावसात किंवा कुळवाच्या एका फेरीत जातात.