पेटी घ्यावी की सुटे पाने?

गाडीची छोटी-मोठी कामं घरी करायची म्हणून हत्यारांच्या दुकानात गेलो, प्लास्टिकची मोठी पेटी उघडली की आत ओळीने बसवलेले शंभर-सव्वाशे चकचकीत नग दिसतात आणि माणूस तिथेच विरघळतो. मीही विरघळलो होतो. नंतर एकदा निवांत बसून मोजदाद केली, तर निम्म्याहून अधिक नग स्क्रू ड्रायव्हरचे बारके बिट निघाले. सॉकेटच्या, म्हणजे नट-बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या टोप्यांच्या, रांगेत १४ मिमी नंतर थेट १७. १५ आणि १६ चा पत्ताच नाही. पेटी अजून आहे, पण तिच्यातल्या जेमतेम पाचव्या हिश्श्याला तेलाचा हात लागलाय. बाकी सगळं कोरं करकरीत.

तरी पेटी घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. सुटं घेत गेलं तर एकेक नग पारखून घेता येतो हे खरं, पण काम अर्ध्यावर आलं की नेमका हवा तो साइज हाताशी नसतो, आणि गाडी तर उचलून ठेवलेली. शिवाय पेटीत प्रत्येक वस्तूला तिची खाच असते. आवराआवर करताना एक खाच रिकामी दिसली की कळतं, काहीतरी बॉनेटखाली राहिलंय. हे मला पेटीचं सगळ्यात मोठं सुख वाटतं. नवख्याला मी सांगेन ते असं: ३/८ इंची ड्राइव्हचा (सॉकेट ज्या चौकोनी खुंट्यावर बसतं, त्याचं हे माप) छोटा सेट घ्या, ज्यात ८ ते १९ मिमीपर्यंत एकही आकडा गाळलेला नाही, आणि पाने सुटे घ्या. खोक्यावरचा नगांचा आकडा वाचूच नका, सॉकेटची रांग वाचा.

कुठले आकडे लागतील हे गाडीच्या घराण्यावर ठरतं. आट्यांचा व्यास ६ मिमी असेल, म्हणजे एम ६ बोल्ट, तर डोकं सहसा १० मिमीचं. इथवर सगळे एक. एम ८ ला मात्र जपानी पद्धतीत १२ चं डोकं आणि युरोपीय पद्धतीत १३ चं. एम १० ला जपानी गाडीत १४, युरोपीय गाडीत १६, जुन्या मापात १७. म्हणून जपानी वळणाच्या गाडीचं बहुतेक काम १०, १२, १४, १७ वर निघतं. युरोपीय गाडीला १०, १३, १६, १८ लागतात आणि वर टॉर्क्सची चांदणीसारखी डोकी. इंची मापांचा सेट जोडीला मिळतोय म्हणून भुलू नका. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, १३ च्या नटावर तो चढत नाही, आणि अर्ध्या इंचाच्या नटावर १३ चा पाना सैल बसतो. ३/४ इंच आणि १९ मिमी तेवढे एकमेकांना चालून जातात.

आता सहा कोनी सॉकेट की बारा कोनी? या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवेन, कारण माझा धडा इथेच झाला.

ऑइल बदलायचं होतं. ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल खाली सोडायचा बोल्ट, १४ चा. आधीच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी तो जिवाच्या आकांताने आवळून ठेवला होता. मी पेटीतलं सॉकेट लावलं, बारा कोनी, आणि खाली आडवा होऊन दांड्यावर जोर दिला. आधी दांडा किंचित लवल्यासारखा वाटला, मग ‘कर्र’ असा आवाज झाला आणि हात सुटला. बोल्ट फिरला म्हणून मी खूश. बाहेर काढून बघतो, तर फिरलं होतं सॉकेट. बोल्टचे सहाही कोपरे सोलून निघाले होते आणि सॉकेटच्या आत धातूच्या बारीक चकचकीत काड्या अडकल्या होत्या. शेवटी १३ चं सहा कोनी सॉकेट हातोडीने ठोकून त्या डोक्यावर बसवलं, तेव्हा कुठे बोल्ट हलला. नवा बोल्ट, नवा वॉशर, आणि पूर्ण सकाळ गेली.

कारण साधं आहे. सहा कोनी सॉकेट डोक्याच्या सपाट बाजूंना धरतं, कोपऱ्यांपासून जरा आत. बारा कोनीची पकड कोपऱ्यांच्या अगदी जवळ पडते. बोल्ट नवा आणि निरोगी असेल तर दोन्हींत फरक जाणवत नाही. गंज चढला असेल, डोकं आधीच थोडं झिजलं असेल, किंवा सॉकेटचं माप ढिसाळ असेल, तर बारा कोनीवाला कोपरे खातो. त्याची जमेची बाजूही आहे: तो दर ३० अंशांवर बसतो, सहा कोनी दर ६० अंशांवर. पण सॉकेटला रॅचेट (एका दिशेने पकडणारा, उलट दिशेने मोकळा फिरणारा दांडा) जोडलेलं असतं, त्यामुळे या सोयीचा तिथे उपयोगच होत नाही. रिंग पान्यात, म्हणजे डोक्याला पूर्ण वेढणाऱ्या पान्यात, होतो. अडचणीच्या जागी दांडा जरासाच हलतो तेव्हा बारा कोनी रिंग हवीच. म्हणून सॉकेट सहा कोनी, रिंग बारा कोनी. हे ठरवून टाकलं की दुकानातला अर्धा गोंधळ संपतो.

ड्राइव्हचं फार मनावर घेऊ नका. १/४ इंची डॅशबोर्ड आणि क्लिपांपाशी, १/२ इंची चाकं आणि सस्पेन्शनला, मधला ३/८ इंची बाकी सगळीकडे. एकच घ्यायचा असेल तर मधला.

रॅचेटचे दात मात्र बघा. ३६ दातांचं रॅचेट पुढचा दात पकडायला १० अंश फिरावं लागतं, ७२ दातांचं ५ अंश. इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथे हात घालायलाच जागा नसते, तिथे या पाच अंशांनी काम होतं किंवा अडतं. पण बारीक दात म्हणजे, निदान हलक्या प्रतीच्या रॅचेटमध्ये, नाजूक दात. अशा रॅचेटला पाइप लावून चाकाचा नट सोडवणं म्हणजे त्याचा जीव घेणं. त्यासाठी ब्रेकर बार असतो: रॅचेट नसलेला, १/२ इंची, दीड-दोन फुटी लांब दांडा. आत यंत्र नसल्यामुळे बिघडण्यासारखं फारसं काही नाही. पहिला हिसका बारने, पुढचं फिरवणं रॅचेटने. दोन्ही कामं एकाच अवजाराकडून करून घ्यायची असतील तर दर दोन वर्षांनी नवं रॅचेट घेण्याची तयारी ठेवा.

पान्यांत एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडं तोंड असा कॉम्बिनेशन पाना घ्यावा. उघडं तोंड डोक्याच्या फक्त दोन बाजू धरतं, म्हणून जोर दिला की तोंड फाकतं, पाना घसरतो आणि बोटांची सालटी निघतात. सोडवताना आणि शेवटचं आवळताना रिंग, मधल्या फेऱ्यांना उघडं तोंड. ब्रेकच्या पाइपचे नट मऊ असतात. त्यांना पाइपपुरती फट ठेवलेला खास रिंग पाना मिळतो, फ्लेअर नट पाना म्हणतात तो. ब्रेकला हात लावणार नसाल तर नकोच. आणि स्क्रू पाना? असू द्या घरात, नळासाठी. गाडीवर वापरायची वेळ आलीच तर जोर स्थिर जबड्यावर येईल असा धरा, सरकत्या जबड्यावर नव्हे.

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर, तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात; हा जोर मापून आवळणाऱ्या टॉर्क पान्याबद्दल दोन टोकं ऐकू येतात. जुने मेकॅनिक म्हणतात, हाताला कळतं. वाचून शिकलेले म्हणतात, एअर फिल्टरचा स्क्रूसुद्धा मापूनच आवळा. आधी हिशोब बघू. ४० सेंटिमीटर दांड्याच्या टोकाला तुम्ही ३० किलोचा जोर दिला, तर साधारण ११८ न्यूटन-मीटर होतात. छोट्या गाडीच्या चाकाच्या नटाला बहुधा १०० ते १२० च्या आसपास लागतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि तोच धरायचा. तोच जोर ६० सेंटिमीटरच्या बारवर दिला की १७७ झाले. हात तोच, जोर तोच, फक्त दांडा लांब. ‘हाताला कळतं’ ते रोज एकाच दांड्याने काम करणाऱ्याच्या हाताला. आपण महिन्यातून एकदा पाना धरणार.

दांडा लवून काटा दाखवणारा बीम टाइप, आणि ठरलेल्या आकड्यावर ‘टक्’ करणारा क्लिक टाइप, असे दोन प्रकार सहज मिळतात. बीमवाल्यात काटा मोकळा असतो, जोर घेणारा दांडा वेगळा. कामाआधी काटा शून्यावर आहे ना तेवढं बघितलं की झालं, वर्षानुवर्षं चालतो. त्याची अडचण म्हणजे काटा समोरून सरळ बघावा लागतो, आणि गाडीखाली पालथं पडून ते जमत नाही. क्लिकवाला अंधारातही चालतो, पण त्याचं पथ्य असतं: काम झालं की स्प्रिंग सैल करून पट्टीवरच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवायचा, आणि त्याने नट सोडवायचा नाही. अधूनमधून तपासूनही घ्यावा लागतो. ५,००० वेळा वापर किंवा १२ महिने, यांतलं जे आधी होईल ते, हा रूढ हिशोब. घरच्या वापरात ५,००० कधी व्हायचे!

एक फसगत टाळा. ४० ते २०० च्या पट्टीचा मोठा टॉर्क पाना चाकांना उत्तम, पण त्याच्या तळाच्या आकड्यांवर भरवसा कमी असतो आणि ‘टक्’ इतकी हलकी होते की हाताला कळतच नाही. १० च्या डोक्याचा एम ६ बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरवर बसतो. तो मोठ्या पान्याने आवळायला जाल तर ‘टक्’ची वाट बघता बघता डोकं तुटून हातात येईल आणि धड इंजिनात राहील. मोठा आणि बारक्या आकड्यांचा, अशा दोनांपैकी एकच परवडणार असेल तर चाकांसाठी मोठा घ्या, बारक्या बोल्टांना आखूड रॅचेट मुळाशी धरून वापरा. ऑइल फिल्टरला तर पानाच नको. रबरी रिंग टेकली की पुढे पाऊण वळसा, तोही हाताने. काढताना मात्र वाटीसारखा फिल्टर पाना हाताशी असू द्या.

स्क्रू ड्रायव्हर, पकड, हातोडी यांवर डोकं शिणवू नका. घरात आहेत तेच चालतात. एवढंच की जपानी गाडीतले फुलीचे स्क्रू दिसायला नेहमीच्या फिलिप्स फुलीसारखे असले तरी घडण थोडी वेगळी असते, आणि फिलिप्सचं टोक त्यांतून वर उसळतं. घट्ट दाबून धरा.

बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन पुढेमागे घेणार असाल तर सॉकेटचा रंग बघून ठेवा. चकचकीत क्रोम व्हॅनेडियमची सॉकेट हाताच्या जोरासाठी असतात; गनच्या ठोक्यांनी ती तडकून तुकडे उडू शकतात. काळी, जाड भिंतीची इम्पॅक्ट सॉकेट क्रोम मॉलिब्डेनमची असतात, ती ठोके सोसतात. काळी हाताने वापरली तर काही बिघडत नाही, चकचकीत गनवर चालत नाहीत.

पैसे आखडून चालणार नाहीत अशी जागा जॅकची. गाडीबरोबर आलेला कात्री जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरता. चाकांवर सरकणारा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक भराभर उचलतो, रुंद बसतो, घरी तोच बरा. पण दोघांपैकी कुणाच्याही भरवशावर गाडीखाली जायचं नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील गळायला लागलं तर तो सांगून खाली बसत नाही. खाली जायचं तर गाडी ज्यावर टेकवून ठेवतात ते लोखंडी स्टँड लावूनच. इथे खरी तुलना जॅक-जॅकची नाहीच. दोन टनी ट्रॉली जॅक आणि दोन स्टँड एका बाजूला, तीन टनी जॅक एकटा दुसऱ्या बाजूला, असा पर्याय आला तर डोळे मिटून पहिला घ्या. स्टँडवरचा वजनाचा आकडा एका नगाचा आहे की जोडीचा, हे वाचून घ्या. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे अजिबात नकोत, ते चिरडत नाहीत, एकदम फुटतात. जमीन सपाट आणि टणक हवी, टेकलेल्या चाकांना पाचर, हँडब्रेक ओढलेला, आणि चाकाचे नट गाडी उचलायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच, अर्धा वळसा सैल केलेले.

डिकीतला एल आकाराचा चाक पाना बऱ्याच गाड्यांत इतका आखूड असतो की सर्व्हिसिंगला गनने आवळलेला नट त्याला दाद देत नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरीच लावून बघा. नाही हलला, तर नटाच्या मापाचं, बहुधा १७, १९ किंवा २१ चं, खोल सॉकेट आणि ब्रेकर बार फडक्यात गुंडाळून स्टेपनीशेजारी टाकून द्या.