लेजर नॅनो एस प्लस: पोराच्या कॉम्प्युटरला जोडून पाहिलं (बडोदा)

आधीच सांगते, मी ट्रेडर वगैरे नाही, दांडिया बाजारात लोकांची रिटर्न भरते. 2021 मध्ये थोडं बिटकॉइन घेतलेलं, ते एक्सचेंजवरच (खरेदी-विक्रीच्या साइटवर) पडून होतं. 2024 च्या जुलैत आपल्याकडच्या एका मोठ्या एक्सचेंजमधून 23 कोटी डॉलरच्या आसपास चोरीला गेले, माझं खातं तिथे नव्हतं पण पोटात गोळा आलाच, मग दिवाळीत हे घेतलं, बिटकॉइनची चावी स्वतःजवळ ठेवायचं पेनड्राइव्हएवढं मशीन (हार्डवेअर वॉलेट).

पहिल्यांदा मरीमातेच्या खांच्यात (इथला मोबाइलचा बाजार) विचारलं. एकाकडे होतं पण डबा उघडलेला, आणि वर म्हणतो, "बेन, सेटअप करी आपीश, बे कलाक मूकी जाव" (सेटअप करून देतो, दोन तास ठेवून जा). तिथूनच परत फिरले. सेटअप त्याने केलं म्हणजे चावी परत मिळवायचे ते 24 शब्द त्याने पाहिले, आणि शब्द ज्याच्याकडे पैसे त्याचे, मग पिन कितीही बदला. शेवटी कंपनीच्या साइटवर विक्रेत्यांची यादी आहे त्यातल्या एकाकडून मागवलं. डब्याला सील नसतं, घाबरू नका, मशीन अस्सल आहे का ते लेजर लाइव्ह (कंपनीचं ॲप, आता त्याचं नाव लेजर वॉलेट) जोडल्यावर तपासतं. पण ते लेजर लाइव्ह गूगलवर शोधून पहिल्या जाहिरातीवर क्लिक करून घेऊ नका, साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. 2020 मध्ये लेजर कंपनीच्या दोन लाख सत्तर हजारांवर गिऱ्हाइकांचे घरचे पत्ते फुटले होते आणि पुढच्या वर्षी त्यातल्या काहींना पोस्टाने नकली मशीन आलं, सोबत चिठ्ठी, जुनं टाका हे वापरा. तेव्हा आपणहून घरी आलेल्या कुठल्याही डब्याला हात लावायचा नाही.

आता जोडण्याचं. घरात एकच कॉम्प्युटर, तोही पोराचा, फुकटच्या गेम्सनी भरलेला, त्यात काय काय बसलंय देव जाणे. म्हणून मला धाकधूक होती की ह्याला वायर लावली की गेलंच सगळं. तसं नाहीये. सही करताना चावी, म्हणजे पैसे हलवायचा गुप्त आकडा, मशीनच्या चिपमधून बाहेर येतच नाही, कॉम्प्युटर फक्त व्यवहार पाठवतो, मशीन आत सही करतं आणि तेवढी सही परत देतं. म्हणजे कॉम्प्युटर खोटं बोलू शकतो पण सही करू शकत नाही. खोटं कसं, तर ज्याला पैसे पाठवायचे त्याचा कॉपी केलेला बिटकॉइनचा पत्ता पेस्ट करताना बदलून टाकणारे व्हायरस असतात. त्यामुळे मोठ्या स्क्रीनकडे बघायचंच नाही, पत्ता आणि रक्कम मशीनच्या चिमुकल्या स्क्रीनवर वाचायची, पूर्ण, नुसती पहिली चार अक्षरं नाही, आणि मगच दोन्ही बटणं दाबायची. इथेच माझी तक्रार, ती स्क्रीन इतकी बारीक आहे की चष्मा लावूनही पत्ता तुकड्यातुकड्यात वाचावा लागतो. पंचेचाळिशीच्या पुढच्यांनी मोठ्या स्क्रीनचं घ्या सरळ.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर मशीन ओळखेचना. अर्धा तास गेला, ड्रायव्हर शोधत बसले, आणि चूक माझीच, ड्रॉवरमधली मोबाइल चार्जिंगची वायर लावलेली, ती नुसता करंट देते. डब्यातली वायर मागच्या पोर्टला लावली, लगेच चाललं. दुसरं कुठलं वॉलेटचं ॲप वापरत असाल तर लेजर लाइव्ह आधी बंद करा, दोघं एकदम मशीनशी बोलायला गेले की अडतं. ब्लूटूथ नाही, बॅटरी नाही, मला तेच आवडलं. अँड्रॉइडला वायरने चालतं, आयफोनला नाही.

मग एक आगाऊपणा केला. फक्त शे-दोनशे रुपयांचं बिटकॉइन मशीनवर पाठवून मुद्दाम तीनदा चुकीचा पिन टाकला. मशीनमधलं सगळं पुसलं गेलं, ठरल्याप्रमाणे. ह्यांनी हे बघून डोक्याला हात लावला. मग सेटअपच्या वेळी कागदावर लिहून ठेवलेले 24 शब्द दोन बटणांनी अक्षर अक्षर निवडत टाकले, बोटं दुखली, पण तीन-चार अक्षरांत शब्द ओळखतं म्हणून निभावलं. पैसे जागेवर. हे करून मगच बाकीचं हलवलं. आणि शब्द मशीनवरच टाकायचे हं, कीबोर्डवर कधीच नाही, फोटोही नाही काढायचा. शब्द टाइप करा म्हणणारं पान कितीही खरं दिसो, चोरच.

टॅक्सचं विचारतील म्हणून, वॉलेटमध्ये ठेवल्याने नफ्यावरचे 30 टक्के सुटत नाहीत, विकाल तेव्हा भरायचेच.

चार स्टार देते, एक स्क्रीनचा कापला. कागद दोन केलेत, एक घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये दागिन्यांच्या डब्याखाली. जागा ह्यांना सांगून ठेवलीय, पण हे अजून त्याला "तुझा तो पेनड्राइव्ह"च म्हणतात.